ऊन, घोळणा आणि आयएनआर

नागपुरात एप्रिल लागला की नाकातून रक्त येण्याला कुणी घाबरत नाही. घोळणा फुटला म्हणायचं, डोक्यावर गार पाणी थोपटायचं, कांदा फोडून हुंगायला द्यायचा, दुपारी बाहेर पडला म्हणून दटावायचं आणि विषय संपवायचा. लघवी लाल झाली तर उन्हाळी लागली, सब्जा प्या. हिरड्यांतून रक्त आलं तर उष्णता झाली. दंडावर काळंनिळं दिसलं तर आपटलं असेल कुठं तरी. आमच्याकडे रक्ताला कारण शोधावं लागत नाही, ते घरोघरी तयारच असतं. बहुतेक वेळा बरोबरही असतं. ज्या थोड्या वेळा ते चुकतं, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

ज्यांच्या बाबतीत ते चुकतं ती माणसं ओळखणं खरं तर सोपं असतं. कुणाच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असते, कुणाचे ठोके अनियमित पडत असतात, कुणाच्या पायाच्या शिरेत कधी तरी गुठळी होऊन गेलेली असते. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात रक्त पातळ करायची चिमुकली गोळी असते. आपल्याकडे बहुतेक असिट्रॉम, नाहीतर वॉरफरिन. घरातल्या सगळ्यांना ती माहीत असते. पण घोळणा फुटतो तेव्हा त्या डब्याची आणि नाकाची सांगड कुणी घालत नाही.

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. धंतोली म्हणजे दर दुसऱ्या इमारतीत दवाखाना, आणि बाहेर गोंदिया-भंडाऱ्यापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे नातेवाईक, एक्स-रेच्या पिशव्या पोटाशी धरून बसलेले. पीटी-आयएनआरचं, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजण्याचं, काम माझ्याकडे असायचं. फिक्या निळ्या टोपणाची नळी, तिच्यात आधीच रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट, नऊ भाग रक्ताला एक भाग. ही नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी पडलं तर सायट्रेट वरचढ होतं, आकडा उगाच वाढून येतो, आणि त्या आकड्यावर विसंबून पुढे कुणी तरी गोळी कमी करतं. म्हाताऱ्यांच्या शिरा सापडत नाहीत, दुसऱ्यांदा टोचलं की ते चिडतात. चिडू द्यायचं. अर्धी नळी मशीनला लावायची नाही.

मशीन नंतर आलं. आधी हे सगळं हातानं आणि डोळ्यानं चालायचं. 37 अंशांच्या पाण्यात काचेची नळी धरायची, तिच्यात रक्त गोठायला लावणारं थ्रोम्बोप्लास्टिन, त्यावर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वेगळ्या काढून उरलेलं रक्ताचं पाणी, सोडला की स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी हळूहळू कलती करत राहायचं. धडधाकट माणसाचा प्लाझ्मा 11 ते 14 सेकंदांत धरतो. आत्ता वाहत होता, आणि पुढच्या कलतीला जागचा हलत नाही. गोळी घेणाऱ्याला पंचवीस-तीस सेकंद लागतात. ते हवंच असतं, त्यासाठीच गोळी. पण एखाद्या नळीला 40 होतात, 60 होतात, मनगट भरून येतं, तरी आतलं वाहतंच आहे. मग मी नळीवरचं नाव पुन्हा वाचायचे. हा माणूस या घडीला बाहेर बाकावर बसून तर्री-पोहे खातोय, आणि याला आज ठेच लागणंसुद्धा परवडणारं नाही, हे तेवढा वेळ माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं.

थ्रोम्बोप्लास्टिन कंपनीगणिक कमीजास्त तेज असतं, त्यामुळे नागपूरचे सेकंद आणि मुंबईचे सेकंद जुळत नाहीत. म्हणून 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आयएनआरचं गणित सगळ्यांसाठी ठरवून दिलं. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर साधारण 1. ठोके अनियमित असतील तर 2 ते 3 च्या मध्ये ठेवायचा, धातूची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) असेल तर 2.5 ते 3.5. खाली घसरला तर गुठळी, पाचच्या वर गेला तर रक्तस्रावाचा धोका भराभर चढतो. वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर घ्यायची गोळी आणि तिला इतकी अरुंद वाट.

ही गोळी मुळात रक्तस्रावातूनच जन्माला आली. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगं कापली की रक्त थांबायचं नाही. स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्यानं कारण हुडकलं: स्वीट क्लोव्हरचा ओला राहून बुरसलेला चारा. पुढे 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला, कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत. चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं काढायला लिंकच्या माणसांना 1939 पर्यंत झुंजावं लागलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन 1948 मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला. माणसांना ते 1954 पासून देऊ लागले, आणि 1955 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तेच दिलं गेलं. इतवारीतल्या धान्याच्या गोदामांत पोत्यांमागे ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवलेल्या असतात ना, त्या या गोळीच्या चुलत बहिणी. (हे पेशंटला सांगू नये. तो दुसऱ्या दिवशी गोळी बंद करतो.)

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, आणि ते नीट तयार व्हायला के जीवनसत्त्व लागतं. ही गोळी एकदा वापरलेलं के जीवनसत्त्व पुन्हा कामाला येऊ देत नाही. म्हणून ताटात काय पडतं याचा हिशेब आयएनआरमध्ये उतरतो. हिवाळ्यात आमच्या बाजारात पालक, मेथी, चवळी मातीमोल होते, घरोघर पातळभाजीची पातेली चढतात, आणि डिसेंबर-जानेवारीत काहींचे आकडे खाली यायचे. त्यावर सल्ला काय मिळतो, तर हिरवी भाजी बंद. वैदर्भी माणसाला पातळभाजी बंद म्हणणं म्हणजे शिक्षाच, आणि तिची गरजही नसते. रोज थोडी खा, पण एक आठवडा टोपलीभर आणि पुढचा आठवडा काहीच नाही असं करू नका, इतकंच. उलट नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्यांचे, तापात जेवण तुटलेल्यांचे आकडे वर पळतात.

भाजीपेक्षा मला भीती वाटायची ती दुसऱ्या गोळ्यांची.

भंडाऱ्याकडची एक बाई यायची. धानाच्या बांध्यांत राबणारी, पस्तिशीची असेल. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तरुणपणी दम लागायला लागला तोवर मायट्रल झडप कामातून गेली होती. धातूची बसवली. खोली शांत असली की तिच्या छातीतली टिकटिक मला ऐकू यायची. एका पावसाळ्यात तिची नळी धरेना म्हणजे धरेना. आयएनआर 9 च्या वर. पुन्हा रक्त घ्यावं म्हणून बाहेर आले तर ती आणि सोबतचा भाचा निघून गेलेले, रिपोर्ट संध्याकाळी भाचा नेणार होता. फॉर्मवर फोन त्या भाच्याचा. तो गणेशपेठेच्या बसस्टँडवर तिला भंडाऱ्याच्या गाडीत बसवत होता.

परत आली तेव्हा तिला विचारलं, कुठून रक्त येतं का?

"नाई जी. हिरड्यातून येते थोडं. ते गुडाखूनं येते." (गुडाखू म्हणजे दातांना लावायची तंबाखू.)

आणि? दुसरं काही औषध घेतलं?

"पोट बिघडलं होतं तं गावच्या डागदरनं गोळ्या देल्या. तेच्यानं बरं वाटलं."

पिशवीतून अर्धी पट्टी निघाली. मेट्रोनिडाझोल. पावसाळ्यात गावोगाव जुलाबाला हेच देतात, आणि ज्याला असिट्रॉम चालू नाही त्याचं त्यानं सहसा काही बिघडत नाही. पण यकृतात ते गोळीची विल्हेवाट अडवून धरतं, आणि रोजचीच गोळी दुप्पट-तिप्पट झाल्यासारखी वागू लागते. बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल तसंच. को-ट्रायमोक्साझोल तसंच. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन याच्या अगदी उलटं, ते गोळीचा असर पुसून टाकतं. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनची तऱ्हा वेगळी: आयएनआर फारसा हलतच नाही, पण जठराचं अस्तर खरवडलं जातं, प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत आणि पोटात रक्त झिरपायला लागतं. आकडा ठीक आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं. गुडघ्याची गोळी आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो, ती औषधात धरतसुद्धा नाही. कमरेत घेतलेलं साधं इंजेक्शनही अशा माणसाला महागात पडतं, स्नायूत रक्त साकळून मांडी टम्म होते.

त्या बाईला दाखल करून घेतलं, के जीवनसत्त्व दिलं, आणि सगळ्या तपासण्यांत हिमोग्लोबिन 6 निघालं. हिरड्यांतून कितीही आलं तरी 6 होत नाही. नळ्यांना चिठ्ठ्या लावता लावता मी पाळीचं विचारलं. तिनं आधी भाच्याकडे बघितलं. तो बाहेर गेला तेव्हा म्हणाली, झडप बसवल्यापासून पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जाते. कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. हृदयाच्या डॉक्टरला पाळीचं कशाला सांगायचं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. या गोळ्यांमुळे होणाऱ्या रक्तस्रावांत बायकांचा हा रक्तस्राव सगळ्यात जास्त असेल, असं मला अनुभवावरून वाटतं, आणि सगळ्यात कमी बोलला जाणाराही तोच. त्याच्यावर इलाज आहेत. पण आधी कुणी तरी विचारायला हवं, आणि विचारताना भाचा खोलीबाहेर हवा.

पुरुषांचं लपवणं वेगळ्या जागी असतं. शौचाचा रंग सुनेला सांगायचा नाही, लघवीचा मुलालाही नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं हे एकदा ऐकलेलं असलं की मग काही विचारायलाच नको.

याच्या दुसऱ्या टोकाला रक्ताला घाबरून गोळी सोडणारे. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी दोनदा घोळणा फुटल्यावर आपल्याच मनानं असिट्रॉम बंद केली. त्यांचा तर्कही तयार होता: "नवतपात रक्त आपोआपच पातळ असते, मंग गोळी काहून घ्यायची?" प्रत्यक्षात घामानं अंगातलं पाणी गेलं की रक्त दाट होतं. अनियमित ठोक्यांमुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त घोटाळत राहतं, तिथे गुठळी धरते आणि मेंदूकडे निघते. अशा माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, आणि गोळी नीट घेतली तर तो जवळजवळ दोन तृतीयांशानं खाली येतो. काकांचा उजवा हात आणि वाचा जूनमध्ये गेली. नाकाचं रक्त थांबलं होतं, हे काकू अजून सांगतात.

आता नव्या गोळ्या आल्या आहेत, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डाबिगाट्रान. आयएनआरची भानगड नाही, भाजीचं पथ्य नाही, जेनेरिक आल्यापासून किंमतही आवाक्यात आली आहे. मेंदूतला रक्तस्राव यांनी जुन्या गोळ्यांच्या साधारण निम्म्यावर येतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण धातूची झडप असेल तर या चालत नाहीत, म्हणून भंडाऱ्याच्या बाईला असिट्रॉमच. शिवाय तपासणी नाही म्हटल्यावर माणूस दवाखान्याकडे फिरकतच नाही. डाबिगाट्रान तर बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पंचेचाळीस अंशांत दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं, मूत्रपिंड मंदावलं, की ते अंगात साठतं. तेव्हा नाकातून रक्त आलं तर उन्हानं आलं म्हणणारा एका अर्थानं बरोबरच असतो. फक्त कांदा हुंगून ते थांबणार नसतं.

आता मामाजींचं सांगते. मामाजी म्हणजे माझे सासरे. ठोके अनियमित, असिट्रॉम चालू, आणि तपासणी माझ्याच हातची. आकडा 2.6, 2.8, पुन्हा 2.6. लॅबमध्ये मी त्यांचं उदाहरण द्यायचे.

मे महिन्यात घरातली सगळी माणसं दुपारची कूलरपुढे आडवी होती. ते पाणी प्यायला उठले, कूलरखाली सांडलेल्या पाण्यावर घसरले आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. उठले, पाणी प्यायले, परत येऊन झोपले. कुणालाही सांगितलं नाही. का, तर "सुनेला सांगतलं का ते सुई घेऊनच येते." रक्त आलं नव्हतं, टेंगूळसुद्धा केसांत दडून गेलं.

जूनच्या मध्यावर ते दुपारचे जास्त झोपू लागले. ऊन बाधलं. बोलताना शब्द अडू लागला. वय झालं. डोकं जड वाटतं म्हणाले. पाऊस लांबला होता, उकाड्यानं आम्हा सगळ्यांचीच डोकी जड होती. आयएनआर बघितला, 2.7. मुलानं बीपी बघितलं, ठीक. एवढ्या सगळ्यांत सासूबाई तेवढ्या एकाच गोष्टीवर अडून बसल्या: यांच्या डाव्या पायातली चप्पल सुटते. देवळातून येताना दोनदा मागे राहिली आणि यांना कळलंही नाही. "उजव्या पायातली काहून नाई सुटत?" त्या विचारत होत्या, आणि या प्रश्नाला ऊन, वय, उकाडा यांतलं एकही उत्तर लागू पडेना.

त्याच संध्याकाळी सिटी स्कॅन झाला. कवटी आणि मेंदूच्या मध्ये, उजव्या बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराचा काळपट पट्टा. (मेंदूची उजवी बाजू डावा पाय चालवते.) उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्यावरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, एखाद्या हिसक्यानं त्यातली एक फाटते. तुमच्या-माझ्या बाबतीत ती बहुधा तिथेच बंद होईल. गोळी चालू असलेल्या माणसात ती झिरपत राहते, दिवसांनी नाही, आठवड्यांनी कळतं. आणि आयएनआर 2.7 असला तरी झिरपते. आकडा बरोबर असणं म्हणजे रक्तस्राव होणारच नाही असं नाही, धोका ठरलेल्या मापात आहे एवढाच त्याचा अर्थ. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर त्याला काही होत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि सिटी स्कॅनचं विचारायचं. पण त्यासाठी मार लागल्याचं घरात कळायला हवं.

असिट्रॉम थांबवली, के जीवनसत्त्व आणि प्लाझ्मा देऊन आयएनआर खाली आणला, कवटीला दोन छिद्रं पाडून जुनं, काळसर, पातळ झालेलं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी मामाजींनी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली, तेव्हा सासूबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

खरी पंचाईत त्यानंतरची. गोळी पुन्हा सुरू करायची का? मेंदूचे सर्जन म्हणाले, घाई नको, अजून थोडं थांबू. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका, ठोके तसेच अनियमित आहेत. दोघांचंही बरोबर होतं. मी आयुष्यभर सेकंद मोजले, पण इथे मोजण्यासारखं काही नव्हतं. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, जागा स्वच्छ दिसली, आणि अपिक्साबान सुरू करायचं ठरलं, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याच्या गोळ्या घरातून हद्दपार. कूलर बाहेरच्या खोलीत गेला, त्यावरून चार दिवस भांडण चाललं.

डॉक्टरांनी मामाजींनाही विचारलं होतं, तुमचं काय म्हणणं? ते म्हणाले, "लकवा नको मले. रक्त आलं तं दिसन तरी."

सासूबाई बाजूलाच होत्या. "मागच्या बारी कुठी दिसलं होतं?"

डॉक्टर हसले आणि चिठ्ठी लिहायला लागले. गोळी कुणाच्या ताब्यात राहायची ते सासूबाईंनी तिथेच ठरवून टाकलं, आणि रोज रात्री मामाजींच्या दोन्ही पायांवर हात फिरवून कुठला गार लागतो, कुठला जड लागतो हे त्या आता स्वतःच बघतात. वैद्यकशास्त्रात याला आधार किती, ते मी त्यांना सांगत बसले नाही.